बगळ्यावर पाळत

६ नोव्हेंबर
रेडिओवरची आसपासची बोलणी पकडणारा स्कॅनर घेतला. बंदरामागच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून. कमरेला अडकतो, अँटेना मात्र हातभर. मित्सुएला सांगितलं, भूकंप झाला की मोबाईल बंद पडतात, तेव्हा हाच उपयोगी. ती म्हणाली, "आणि भूकंप होईपर्यंत याचं काय करणार?" बायकांना दूरदृष्टी नसते.
संकल्प: निवृत्तीनंतरचा काळ वाया गेला. यापुढे या गावात काही घडलं आणि ते तोगाशी योशिहारुला माहीत नाही, असं होणार नाही.

८ नोव्हेंबर
कायदा वाचला. ऐकायला हरकत नाही, ऐकलेलं दुसऱ्याला सांगायला बंदी. म्हणून फक्त इथे लिहितो.
आज ऐकलेलं: एका टॅक्सीवाल्याचा पत्ता चुकला. सुपरमार्केटमधली अंडी संपली. मॅनेजर म्हणाला, सांग गिऱ्हाइकांना, गाडी वाटेत आहे. नोकर म्हणाला, खरंच आहे का? मॅनेजर म्हणाला, कुठल्या ना कुठल्या वाटेत असेलच. ती अंडी आता आपण खायची नाहीत.
नाश्त्याला मित्सुए काहीतरी सांगत होती. माझ्या एकाच कानात इअरफोन होता, दुसरा मोकळाच होता. मी 'हं' म्हटलं. संसारात तेवढं पुरतं.

१३ नोव्हेंबर
मोठं प्रकरण हाती लागलं. दुपारी नदीच्या पुलावर उभा होतो. स्कॅनरवर एक जाड आवाजाचा पुरुष: "पिलं सुटली. पिवळी पुढे आहेत." एक बाई: "पुलावर मी घेते. मोठी मागून येऊ द्या."
अर्थ उघड आहे. आमच्या नदीच्या तोंडाशी थंडीत वाम माशाची पिलं येतात. लोक ती चोरून धरतात, सोन्याच्या भावाने विकतात. वाम जरा मोठा झाला की पिवळा पडतो, हे टीव्हीवर पाहिलंय. बाकीचे चोर अंधारात कंदील घेऊन येतात. हे भर दुपारी, शाळेशेजारी. किती निर्ढावलेले.

१७ नोव्हेंबर, रविवार
आज सगळं शांत. शनिवारीही शांत. टोळी सुट्टी पाळते. मात्र शुक्रवारी मुसळधार पाऊस असूनही कामावर होती. आमच्या गॅस कंपनीत एवढी शिस्त असती तर.
शुक्रवारी जाड आवाज म्हणाला, "एक पिलू रडतंय, बूट हरवलाय." सांकेतिक भाषा. 'बूट' म्हणजे काय, ते शोधायचं.

२१ नोव्हेंबर
टोळी कुणावर तरी पाळत ठेवून आहे. त्याला 'बगळा' म्हणतात.
"बगळा आला का?"
"आला. पुलावर, नेहमीच्या जागी. मान ताणून उभा आहे."
मी ताबडतोब मान ताणून पाहिलं. पुलावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, बगळा इकडेतिकडे बघतोय. मी इकडेतिकडे पाहिलं. तरी दिसला नाही. लपण्यात पटाईत असावा. बहुतेक साध्या वेशातला पोलीस.
संकल्प: टोळी त्याच्या जिवावर उठायच्या आत त्याला सावध करायचं.
संध्याकाळी मित्सुए म्हणाली, तिने कुठल्याशा मंडळात नाव दिलंय. 'हं' म्हटलं.

२७ नोव्हेंबर
पोलीस चौकीत गेलो. हवालदार तरुण, पण मन लावून ऐकणारा. मी म्हटलं, पुलापाशी संघटित टोळी आहे. त्याने विचारलं, कुठून कळलं? म्हटलं, सूत्रांकडून. (कायदा.) मग त्याने माझं नाव, पत्ता, वय विचारलं. रोज पुलावर असता का? किती वाजता? कशासाठी? घरी कोण कोण आहे? सगळं लिहून घेतलं. दाराबाहेर येऊन मी वळेपर्यंत बघत उभा राहिला.
इतक्या वर्षांत सरकारी माणसाने मला एवढं मनावर घेतलं नव्हतं.

२ डिसेंबर
वस्तीच्या फलकावर सूचना लागली. "शाळेजवळच्या पुलावर एक उंच, वयस्क इसम वारंवार दिसतो. करडी टोपी. कमरेला लांब अँटेनाचं यंत्र. मुलांना एकटं सोडू नये." म्हणजे माझ्या तक्रारीवर तपास सुरू झाला आणि टोळीचा म्होरक्या सापडला. त्याच्याकडेही यंत्र आहे. अंगकाठी दुर्दैवाने माझ्यासारखी.
गैरसमज नको म्हणून टोपी बदलली. आता तपकिरी.

५ डिसेंबर
घरातही काहीतरी शिजतंय. मित्सुए रोज दुपारी बाहेर जाते. विचारलं तर म्हणते, "सांगितलं की." कधी सांगितलं? तळलेलं बंद केलंय. काल माझ्यासाठी तेम्पुरा तळला आणि स्वतः नुसती पेज घेतली. बारीक झालीय. या वयात बाई उगाच बारीक होत नाही.
शिवाय गल्लीतले इमाओका दारात संत्र्यांची पेटी ठेवून गेले. विधुर माणूस. पूर्वी मासळीच्या लिलावात ओरडायचे. मला पाहिलं की खाली बघतात.

९ डिसेंबर
कपाटात मागे ढकललेली पिशवी सापडली. नवा नाइटगाऊन, टॉवेल, सपाता, दात घासायचा ब्रश. सगळं एकेकच.
संत्री खाल्ली नाहीत. मग एक खाल्लं. गोड होतं, त्याचाच राग आला.
इतकी वर्षं मी पगार तिच्या हातात दिला. दारू बेताची. माझं काय चुकलं, ते आठवून पाहिलं. काही सापडलं नाही.
संकल्प: गुरुवारी तिच्या मागे जायचं. इमाओकाला समोरासमोर गाठायचं. आवाज चढवायचा नाही.

१२ डिसेंबर
गेलो. शाळेच्या कोपऱ्यावर ती दिसेनाशी झाली. सवयीने पुलावर थांबलो, इअरफोन लावला. जे ऐकलं ते तसंच लिहितो.
जाड आवाज म्हणाला, "बगळा टोपी बदलून आलाय. पोलिसांना पुन्हा कळवू का?"
एक बाई म्हणाली, "नको हो, इमाओका-सान. तो आमच्या घरचा आहे."
"तुमच्या घरचा?"
"आमचे हे आहेत ते."
मग इमाओका म्हणाले, "लांबून टोपीत ओळखू आले नाहीत. माफ करा. मीच पाठीमागे त्यांना रोज बगळा…"
"माफी कसली. शिकार काही करत नाहीत ते. नुसते उभे राहतात."
तेवढ्यात पहिलीची पोरं पुलावर आली. पिवळ्या टोप्या घातलेली. मागून मोठी मुलं. कोपऱ्यावर पिवळं जाकीट घालून, हातात वॉकीटॉकी घेऊन मित्सुए उभी होती. एका पोराचा बूट बसवत होती. तिने नाव दिलेलं ते मंडळ हेच, शाळेतून मुलांना घरी सोडणारं.
मी टोपी काढली. मग लक्षात आलं, प्रश्न टोपीचा नव्हता.
घरी निघणार तेवढ्यात पुन्हा इमाओका: "सोमवारपासून तुम्ही नसणार ना? ऑपरेशन मंगळवारीच?"
"हो. पित्ताशय काढतायत. खडे खूप झालेत. डॉक्टर म्हणतात, आतल्या एका गाठीचा संशय आहे, कापल्यावर कळेल."
"घरी सांगितलंत शेवटी?"
"तीनदा. तिन्ही वेळा 'हं' म्हणाले."
इअरफोन काढला. पुलाचा कठडा धरून उभा राहिलो. एका पोराने मला पाहून गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली.

त्याच दिवशी, जेवणानंतर
मी विचारलं, ऑपरेशन मंगळवारी आहे का. ती म्हणाली, "कुठून कळलं?" म्हटलं, कायद्याने सांगता येत नाही. ती कूस धरून हसली. हसताना दुखत होतं, तरी हसली. मग थोडी रडली. मी काय करावं ते कळेना, म्हणून चहा केला. ती म्हणाली, "चहा चालत नाही मला." तेही सांगितलेलं असणार.
इमाओकांचा संशय आला होता, हेही सांगून टाकलं. म्हणाली, "त्यांच्याबरोबर? अहो, तो माणूस जवळ बोलायला लागला की बोटीचं इंजिन सुरू झाल्यासारखं वाटतं."

१४ डिसेंबर
इमाओकांकडे गेलो. म्हटलं, मित्सुए बरी होईपर्यंत पुलावर तिच्या जागी मी उभा राहतो. मला या कामाचा अनुभव आहे. त्यांनी माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला. म्हणाले, "कल्पना चांगली आहे, तोगाशी-सान. पण तुम्ही दिसलात की शिट्टी वाजवायची, असं आम्ही मुलांना शिकवलंय. चांगलं शिकलीत हो. आता ते विसरायला लावायचं म्हणजे…"
त्यांनी आणखी एक पेटी संत्री दिली.

१७ डिसेंबर
ऑपरेशन. दिवसभर बाकावर. स्कॅनर घरी ठेवला होता. कुठूनही काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यात प्रथमच मला काही ऐकायचं नव्हतं आणि ऐकायचंही होतं.
डॉक्टर आले. गाठ साधी आहे. दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही 'हं' एवढंच निघालं तोंडातून.

१९ डिसेंबर
मित्सुए उशीला टेकून बसली. रंग बरा आहे.
संकल्प केला होता: आज ती बोलेल ते सगळं ऐकायचं. अक्षर न् अक्षर. खुर्ची पलंगाजवळ ओढली, चष्मा पुसला, म्हटलं, सांग. ती खुलली. शेजारच्या खाटेवरच्या बाईपासून सुरुवात केली. त्या बाईची सून, सुनेचं माहेर, माहेरची लोणच्याची पद्धत. मग म्हणाली, "आणि एक गोष्ट तुम्हाला कधीपासून सांगायची होती." मी पुढे वाकलो.
नर्सने हलवून उठवलं. भेटीची वेळ संपली होती. अंगावर मित्सुएची शाल होती. खोलीत गरम फार होतं, आणि खुर्चीला हात होते. अशा खुर्चीत कोणालाही झोप लागेल.
कुठली गोष्ट, ते विचारायची हिंमत झाली नाही. दारातून वळून पाहिलं, तर ती, शेजारची बाई आणि नर्स तिघी तोंडावर हात धरून हसत होत्या.
माझ्याबद्दलच. या वेळी संशय नाही, खात्री आहे.