डोहाची राखण

१७ जून

माह्या वाट्याले सात मासोळ्या आल्या डोहातल्या. पाचीचं पोट भरलेलं. वरून दिसत नाई, पण आंगठ्याले समजते — शेपटीकडून वर सरकवला की आतून कणी लागते, भिजवलेल्या खसखशीवाणी. गाभण! अन् रागिणी, माही लहान जाऊ, डोहाची राखणदारीण म्हणे, तिनं त्याच ढिगातल्या आपल्या टोपलीत भरल्या अन् चालली तिवस्याच्या बाजाराले. आंगठा लावलाच नाई. तिचा आंगठा फक्त मोबाइलवर चालते.

१८ जून

राग उतरला नाई म्हणून लिहून राहिलो. चौथीपर्यंत शिकलो. शिव्या लिहाले तेवढं पुरते.

आमच्या भोयांच्या घाटावर रीत आहे. आषाढ लागला की नदीतला उंबराखालचा डोह बंद, पोळ्यापर्यंत. मासोळी तिथंच अंडे टाकाले येते. राखणदारीण आपल्या लुगड्याची किनार फाडते अन् उंबराले बांधते. किनार दिसली की घाटावरची एकही बाई डोहाची मच्छी टोपलीत घेत नाई. माणसाईनं जाळं टाकलं तर टाकू द्या. इकन कोण? मच्छी तर बायाच इकतात. म्हणून राखण बायाईपाशी.

माह्या सासूनं, बुढीनं, तीस वर्षं राखण केली. माघात गेली. जाता जाता राखण देल्ली रागिणीले. मोठी सून मी! अठ्ठावीस वर्षं बुढीच्या मागं टोपली वाहिली. तिनं माह्या आंगठ्यावर आपला आंगठा ठेवून मले शिकवलं. अन् देल्ली कोणाले, तर जिले मासोळीचं पोट कोणतं अन् पाठ कोणती हे इचारा लागते!

म्या तवा बुढीले इचारलं होतं, काहून? भिंतीकडे तोंड करून झोपली.

२० जून

यंदा अधिक जेठ पडला. आषाढ गेला लांब, पंधरा जुलैवर. रागिणी कॅलेंडर पाहून बसली — पंधराले किनार बांधीन म्हणते. नदीले गढूळ पाणी आताच आलं, त्याचं काय? मासोळी का कॅलेंडर पायते?

आठ वर्षाखाली असाच अधिक जेठ होता. बुढीनं आषाढाची वाट पाहिली नाई. पाणी गढूळ झालं त्याच हप्त्यात किनार बांधली. मी उंबराखाली उभी होतो, तिची टोपली धरून. रागिणी तवा बाळंतपणाले माहेरी, अकोल्याकडे. तिले हे मालूमच नाई. बाकीच्या बाया राखणदारणीच्या तोंडाकडे पाहतात, त्याईले कोण आठवण देणार?

मी देऊ शकतो.

२१ जून

नाई सांगत. होऊ दे फजिती.

२४ जून

बाजारात हातोहात गेली मच्छी. एक मास्तरीणबाई तर अंड्याचीच मागत होती — मावशी, पोट भरलेली पाहून द्या. देल्ली. शेजारी रागिणी दात काढत बसली होती, यंदा धंदा बरा आहे म्हणे. बरा आहे बाई. पुढच्या वर्षीचा यंदाच इकून राहिलो आपण.

तोंडावर आलं होतं. गिळलं.

घरी एक मासोळी उरली, चिरली. पसाभर अंडे निघाले, पिवळे. आमचे हे, पुंजाराम, चुलीजवळ बसले होते. हे महिन्यातून चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक आज बोलले. "तुले मालूम हाय न?"

मले काय मालूम राहणार, मी का राखणदारीण आहो, म्हटलं. मासोळीले हात लावला नाई. भाकरीसोबत मिरची खाल्ली अन् उठले. मले धडा शिकवतात!

२७ जून

मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष किशोर आला होता, आमचा चुलत दीर. पांढरा शर्ट. मासोळी पकडता येत नाई म्हणून अध्यक्ष झाला.

चहा पेला अन् मुद्द्यावर आला. अमरावतीचा एक ठेकेदार गाठला आहे त्यानं. एक जुलैपासून डोहात मोठं जाळं पडणार. माल सरळ गाडीत, गाडी सरळ नागपूरले. म्या इचारलं, अन् आमच्या टोपल्या? तर म्हणे, वहिनी, टोपली डोक्यावर घेऊन मान मोडाचे दिवस गेले.

म्हणजे आमी मच्छी इकली नाई तरी यांचं काई अडत नाई. आमच्या नाई म्हणण्याले कोणी इचारणारच नाई.

"तुमच्या जावेनं अजून किनार बांधली नाई," म्हणे. "म्हंजे रस्ता मोकळा हाय. तुमच्यासारखी राखणदारीण असती तर माही हिंमत नसती झाली."

गोड वाटलं. खोटं काहून लिहू. दोन दिवस मनात तेच घोळवलं असतं. पण तो गेला अन् कपबशी धुताना समजलं — हा मले राखणदारीण म्हणाले नाई आला. मी तोंड बंद ठेवीन म्हणून आला होता. मले मालूम असून मी बोलत नाई, हे त्याले कसं मालूम? माह्या थोबाडावर लिहिलं असन.

२९ जून

सकाळी गेलो उंबराखाली. अंगावरच्या पातळाची किनार दातानं फाडली. हिरवी, चांगली नवी. बांधली. बुढीची गाठ, दोनदा फिरवून खाली ओढाची.

रागिणी धावत आली. घाटावर सगळ्या बाया भांडे घासत होत्या, त्याईच्या पुढं सुरू झाली — राखण माही, किनार माही बांधली जाईन, तुमाले बुढीनं नाई देल्ली म्हणून जळून राहिल्या. अर्धं खरं होतं म्हणून जास्त झोंबलं.

मीही सोडली नाई. अधिक महिना काढला, आठ वर्षाखालची गोष्ट काढली, तिचं माहेर काढलं. "तुले कॅलेंडर देल्लं बुढीनं," म्हटलं, "आंगठा देल्ला का?"

ती लहान तोंड करून इचारते, "तर मोठेबाई, दहा दिवसापासून मालूम होतं, अन् सांगतलं नाई तुमी?"

म्या आणखी दोन शिव्या देल्ल्या.

घाटाच्या वर किशोर उभा होता. हसून राहिला होता. लगेच निरोप फिरवला — उद्या सोसायटीची सभा.

३० जून

सभा झाली. सोसायटीत बाया अकरा, माणसं नऊ. अकराच्या अकरा आल्या, टोपल्या घेऊनच. बाजाराले जाच्या टाइमाले सभा ठेवली होती शहाण्यानं, बाया येणार नाईत म्हणून.

किशोर उभा राहिला. म्हणे, एका डोहाले दोन राखणदारणी झाल्या, आता कोणाची किनार खरी धराची? बायाईचं आपसात जमत नाई, म्हणून ही रीत आता सोसायटीनं हाती घ्यावी. ठेकेदाराचं जाळं उद्या पडन. चुकीचं बोलला असता तर सोपं होतं. बाया खाली पाहू लागल्या. भांडण सगळ्याईनं ऐकलं होतं.

मंग माह्याकडे वळला. "वहिनी, सांगा. किनार तुमी कोणाच्या हुकमानं बांधली?"

माह्या मनानं म्हटलं तर किनार खोटी. उद्या जाळं.

रागिणी कोपऱ्यात, नखं खात बसली होती. तिच्याकडे पाहिलं तर पुन्हा चीड आली. तरी तोंडातून निघालं — "राखणदारणीच्या. रागिणीनं पाठवलं मले."

किशोर म्हणे, "मंग काल घाटावर भांडत काहून होत्या?"

"जावाजावा आहो. आमचं रोजच असते. तुमाले कालच ऐकू आलं का?"

पहिले कोण हसलं मालूम नाई. मंग सगळ्याच हसल्या, नितेश म्हणजे रागिणीचा नवराही हसला. किशोरनं रागिणीले इचारलं, खरं आहे का. तिनं माह्याकडे पाहिलं. तोंडातलं नख काढलं भवानीनं! "हो," म्हणे. "म्याच पाठवलं. माह्या पातळाचा रंग फिका होता."

हे तिनं कुठून काढलं देव जाणे.

किनारीच्या बाजूनं अकरा हात वर गेले. मंग बायाईनं टोपल्या पालथ्या घातल्या जमिनीवर, एकामागं एक. डोह बंद. ठेकेदाराचा ठराव पडला. किशोरनं कागद खिशात घातला, पण घडी चार वेळा चुकली.

१ जुलै

रागिणी आली नाई. आभार मानाले नाई, भांडाले नाई. पातळ फाटलं ते वेगळंच.

१६ ऑगस्ट

आठ दिवसापासून रोज दुपारी ती डोहावर जाते, मीही जातो. ती उंबराच्या इकडे बसते, मी तिकडे. आज किनार नवीन गाठीत दिसली, वाऱ्यानं सुटली असन अन् तिनं बांधली असन. गाठ उलटी. तिच्यादेखत सोडली अन् परत बांधली.

पाहत होती. हाताकडे.

१२ सप्टेंबर

पोळा झाला. डोह उघडला. पहिल्या जाळ्यातली मासोळी रागिणीनं साऱ्या बायाईपुढं माह्या हातात देल्ली. आंगठा लावला — पोट रिकामं. उथळ पाण्यात बोटाएवढे पोट्टे पिल्लू, गणती नाई. "उघडा," म्हटलं. तिनं किनार सोडली.

संध्याकाळी दारात आली. आठ महिन्यात पहिल्यांदा. बसली नाई. उभ्यानंच सांगतलं, बुढीनं राखण देताना काय म्हटलं ते.

"मोठीले देल्ली तर ती एकटीच राखन, तू तिकडे पायशीलही नाई. तुले देतो. मोठी रागानं रोज तुह्यावर डोळा ठेवन. डोह दोघी राखसान."

म्हातारी! मेल्यावरही राबवलं मले.

रागिणीले म्हटलं, उद्या ये, आंगठा घेऊन. अन् मोबाइल घरी ठेवून ये, नाई तर डोहात फेकीन.