जाऊन राह्यलो होतो

रवि. २ नोव्हें.
वाचनालयात दुपारी चारला पुन्हा एक काळा-पांढरा इंग्रजी खून. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा म्हणे. ग्रंथपाल राठोडबाईंना कुठून हे वेड लागलं कोण जाणे. दीड महिना झाला, दर रविवारी एक मढं. आजचं गालिच्यावर पडलं, कोटाला सुरकुती नाही. मग सगळे त्याच्याभोवती उभे राहून सिगारेटी ओढतात. पंच नाहीत, पंचनामा नाही. हिरो पिस्तूल रुमालात गुंडाळून खिशात घालतो आणि इन्स्पे. टोपी हातात धरून बघत बसतो. मी पोलीस ठाण्यात जन्मभर रायटर होतो, जबाब-पंचनामे लिहिणारा. असला मुद्देमाल आणला असता तर साहेबांनी मलाच आत टाकलं असतं.

शिवाय बोलायचं झालं की सगळी पात्रं फुलदाणीजवळ येऊन उभी. काय मूर्खपणा. शेजारून गफूर म्हणाला, "माईक गुलदस्त्यात लपवला हाय ना, रायटरसाहेब. दूर गेले तं आवाज कसा येईन?" गफूर मोटर वायंडिंगवाला, प्रोजेक्टर, स्पीकर तोच लावतो. इथे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. एक विषय आम्ही दोघंही काढत नाही.

मंगळ. ४
राठोडबाई घरी आल्या. येत्या रविवारच्या सिनेमाला खाली दाखवायच्या मराठी ओळी त्यांनी स्वतः लिहिल्यात. "काका, शुद्धलेखन तेवढं पाहून द्या." वही उघडली. सगळी वऱ्हाडी! बो लावलेला करोडपती म्हणतोय, "मले काहून इचारता?" मी हसलो. बाई हसल्या नाहीत. "दारव्ह्याचे लोक वाचतीन ना काका, त्याईच्या बोलीत वाचू द्या." सौ. म्हणाली, चाळीस वर्षं इथलं अन्न खाऊन नाक मुरडायचं काही जात नाही तुमचं. नाही जात. मी साताऱ्याकडचा.

गुरु. ६
वहीचं पान नऊ. खून झाला तेव्हा कुठे होतास, असं इन्स्पे. नोकराला विचारतो. नोकर : "मी मालकाच्या खोलीकडे जाऊन राह्यलो होतो." सवयीने लाल पेनाने 'राह्यलो' खोडून 'राहिलो' केलं.
हात तिथेच थांबला. आज पुढे नको.

शुक्र. ७
लिहितोच. नाही लिहिलं तर कुणाला कळणार नाही, आणि त्या सोयीवरच मी इतकी वर्षं काढली.

पहिली नेमणूक वणीकडे. एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामाला संध्याकाळी आग लागली. गफूर तिथे हमाल, वीस-बावीस वर्षांचा. जबाब मी घेतला. तो म्हणाला, "मी गोडाऊनकडे जाऊन राह्यलो होतो, तं धूर दिसला." म्हणजे जात होतो, अजून वाटेत होतो. इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी कागदावर लिहिलं, 'मी गोदामाकडे जाऊन राहिलो होतो.' म्हणजे आधीच जाऊन मुक्काम ठोकला. वर वाटलं, काय गावंढळ बोलतात, आपण केवढं सुधारून घेतलं! खाली ठरलेली ओळ : वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.
वाचून दाखवला नव्हता. मला जेवायला जायचं होतं.

साहेबांनी नेमकं त्या वाक्यावर बोट ठेवलं. चार महिने तो आत. पुढे केस टिकली नाही, पण जिनिंगने परत घेतलं नाही, आणि गावात 'आगलाव्या' हे नाव पडलं ते पडलंच. शेवटी गाव सोडून सासुरवाडीला, इथे दारव्ह्याला आला.

आणि मला कधी कळलं? त्याच दिवसांत माझं लग्न झालं. बायको इथलीच. एका सकाळी चुलीपासून म्हणाली, "थांबा, भाकर करून राह्यली." मी विचारलं, करून कुठे राहिलीस? ती हसून हसून लोळली. मला गफूरचा जबाब आठवला. गफूर तेव्हा आतच होता. साहेबांकडे जाऊन एक वाक्य सांगायचं होतं. नवी नोकरी, नवा संसार. गप्प बसलो.

रवि. ९
नोकराची ओळ पडद्यावर आली. बाईंनी लिहिलेली, तशीच. लाल पेनाची दुरुस्ती मी खोडून टाकली होती. हॉलमध्ये एकालाही शंका आली नाही की नोकर वाटेत होता. शेवटी हिरोने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. दहा संशयित, गुडघ्यावर हात ठेवून गप्प. आमच्याकडे एकाला बोलवा, सोबत सतरा येतात आणि सगळे एकदम बोलतात. खुनी निघाला वकील. एवढ्या सिनेमात कुणी एक अक्षर लिहून घेतलं नाही. त्यामुळेच असेल, नोकर सुटला.
गफूर खुर्चीतून उठत म्हणाला, "पाहा बरं, सव्वा घंट्यात मोकळा." माझ्याकडे न बघता म्हणाला की बघून, ते सांगता येत नाही.

मंगळ. ११
सकाळी जबाब पुन्हा लिहिला. त्याचाच, त्याच्या शब्दांत. त्याच्या दुकानात गेलो. तो मोटरीत तांब्याची तार भरत होता. उभ्यानेच वाचून दाखवला. 'जाऊन राह्यलो होतो' हे दोनदा वाचलं. आधी काय लिहिलं होतं, तेही सांगितलं.
त्याने तार खाली ठेवली.
"हे तवा काहून नाही वाचलं?"
"जेवायला उठलो होतो."
"आन् चूक झाली हे कवा समजलं तुमाले?"
मी कागद त्याच्यापुढे धरला.
"मी आत होतो तवाच?"
"हो."
त्याने कागद घेतला, चार घड्या घालून खिशात टेस्टरमागे ठेवला. म्हणाला, "जा आता. गिऱ्हाईक येऊन राह्यलं."
मी रस्त्याकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

शनि. १५
चार दिवस घराबाहेर नाही. सौ.ला सगळं सांगितलं. तिने भाकरीचा तो किस्सा आजवर पन्नास जणांना हसत सांगितलाय. आज हसली नाही. म्हणाली, "माह्या तोंडून समजलं तुमाले, आन् मलेच नाही सांगितलं." मला माझी किळस येते. फुलदाणीजवळच्या त्या इन्स्पेक्टरांना मी दोन महिने हसत होतो.

रवि. १६
साडेतीन. राठोडबाईंचा फोन. "काका, गफूरभाई इचारून राह्यले, रायटरसाहेब येऊन राह्यले का म्हणून. तुमची खुर्ची समोर, पडद्यापाशी, लोकाईकडे तोंड करून मांडली त्याईनं."
समोर का, ते बाईंना ठाऊक नाही. गफूरच्या खिशात तो कागद आहे का, हे मी कसं विचारणार?
"येऊन राह्यलो," म्हणालो. जन्मात पहिल्यांदा.
चप्पल घातली आहे. लोक एव्हाना जमले असतील, सगळे एकाच हॉलमध्ये.