निनावी लेखाची टायपिस्ट

प्रिय बाळा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून दोन वर्षांनी हे पत्र. एकलहऱ्याच्या आपल्या कॉलनीत सगळं जिथल्या तिथे आहे. विहारात शकुबाई तुझी चौकशी करतात, तेव्हा मी 'पुण्याला शिकते' एवढंच सांगते आणि चप्पल शोधायला लागते. भित्री आहे तुझी आई.

गेल्या आठवड्यात कोर्टाबाहेरच्या माझ्या टायपिंगच्या टेबलाशी दिशा नावाची मुलगी आली. लॉ कॉलेजची पोरं लैंगिकता आणि लिंगओळख यांविषयीच्या कायद्याचं नियतकालिक काढतात, त्याची ती संपादक. 'काकू, मराठी टायपिंग आमच्यात कुणालाच धड येत नाही,' म्हणत तिने हाताने लिहिलेला एक लेख पुढे ठेवला. लेखकाचं नाव झाकूनच लेख तपासायचा, हा त्यांचा नियम. नाव झाकलं होतं खरं, पण पोटच्या लेकराचं अक्षर आईपासून कसं झाकणार?

सज्ञान माणसाला कागदोपत्री नाव बदलायचं तर कॉलेज पालकांची सही कुठल्या कायद्याने मागतं, हा तुझा सवाल. किती नेटकं लिहिलंयस! पाचव्या पानावर मात्र माझी बोटं थांबली. 'माझी आई दिवसभर परक्यांची प्रतिज्ञापत्रं टाइप करते. माझ्या अर्जावर तिने सही केली नाही.' तू अर्ज आणलास तेव्हा मी कुकर लावत होते. लोक काय म्हणतील, एवढंच बोलले. तो कागद ओट्यावर भिजून गेला.

लेख संपला आणि अठ्ठावीस वर्षांच्या प्रतिज्ञापत्रांच्या सवयीने मी खाली टाइप करून टाकलं, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.' दुसऱ्या दिवशी दिशाचा फोन आला, 'काकू, ही ओळ चुकून आलीय ना? काढते हं.' काढ म्हणाले. मग राहवेना. ओळ चुकून आली पण खोटी नाही, त्या लेखातली आई मीच, असं सांगून टाकलं. तेव्हा ती म्हणाली, लेखकाने नाव छापू नका म्हणून कळवलंय, आईला त्याच कॉलनीत राहायचंय.

तेवढ्यासाठी हे पत्र. माझ्यापायी नाव झाकू नकोस. अंक महिनाअखेरीस छपाईला जाईल, त्याआधी दिशाला कळव. तुझा पत्ता तिने मला दिला नाही, पत्र मात्र पोचवते म्हणाली. माझी सही कायद्याने लागत नाही हे तू दाखवलंच आहेस, तरी अर्ज नव्याने टाइप करून, सही करून सोबत पाठवतेय. नव्या नावाच्या रकान्यात 'आयुष' लिहिलं आणि टेबलावरच रडले. फार उशीर केला रे, आयुष. मला माफ कर.

तुझीच,
आई