डाएटिशियनने आईला बोलावलंय

आई, येत्या शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता तुला माझ्यासोबत मुलुंडला डाएटिशियनकडे यायचं आहे. वेळ ठरली आहे, तिने माझ्यासमोर वहीत लिहिलीय. तू जाऊन अकरा वर्षं झाली, ही एक बारीकशी अडचण मी तिला सांगितलेली नाही.

हे कसं झालं ते सांगतो, नाहीतर तू कमरेवर हात ठेवून विचारशील, "मेल्या, आता काय घोळ घातलंस?" घोळच आहे. माझं वजन ब्याण्णव किलो झालंय. पन्नाशी उलटली, डावा गुडघा जिना उतरताना माझ्याआधी बोलायला लागतो, आणि गेल्या वर्षापासून साखरेच्या दोन गोळ्या सुरू आहेत. भांडुपच्या त्याच घरात राहतो, फक्त आता चाळीच्या जागी टॉवर आहे आणि घर अकराव्या मजल्यावर आहे. एकटाच असतो. बायको गेली तेव्हा तू होतीस. तू गेलीस तेव्हा मग घरात कोणी उरलं नव्हतं. एरवी मी बरा आहे. दर आठवड्याला पेपरात लोकांची टिंगल करणारं सदर लिहितो आणि लोक ते वाचून आपल्या शेजाऱ्याबद्दल आहे असं समजतात.

आमच्या चौथ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत. सहा महिन्यांत चौदा किलो उतरले. तेव्हापासून लिफ्ट हे त्यांचं व्यासपीठ झालंय. चार मजल्यांत जेवढं सांगता येतं तेवढं सांगून होत नाही म्हणून ते माझ्याबरोबर अकराव्यापर्यंत येतात. "कीटो करा हो. भात बंद, पोळी बंद, साखर बंद, डाळसुद्धा जपून. तूप खा, अंडी खा, पनीर खा, मासे खा. शरीर आपोआप चरबी जाळायला लागतं." त्यांची बायको शेजारी पिशवी धरून उभी होती. ती म्हणाली, "ह्यांचं चौदा उतरलं, माझं सहा. मी काही केलं नाही. फक्त रोज दोन-दोन स्वयंपाक."

पण मला ते पटलं, कारण त्या यादीत तुझा अर्धा स्वयंपाक होता. बांगडा चालतो, कोलंबी चालते, अंडी चालतात, खोबरं चालतं. तुझ्या जेवणातून फक्त भात काढायचा. म्हणजे देवळातून फक्त देव. तू असतीस तर म्हणाली असतीस, "भात नाय ता जेवाण कसला रे?" आणि मी तुझ्याशी वाद घातला असता, आणि त्या वादात दोन वाट्या भात खाल्ला असता.

तर डॉक्टरला न विचारता सुरू केलं. फ्लॉवर किसून, तव्यावर परतून, त्यावर माशाची आमटी ओतून खाल्ली. दिसायला भात, चवीला फ्लॉवर, आणि खाताना आपण एखाद्या नाटकात जेवत असल्यासारखं वाटतं. दोन दिवस मस्त गेले. वजनकाट्याने लगेच दीड किलो कमी दाखवलं. ते पाणी असतं हे मला नंतर कळलं, पण त्या सकाळी मी आरशासमोर शर्ट आत खोचला. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली वर्तमानपत्र आणायला गेलो आणि लिफ्टबाहेर डोळ्यांपुढे अंधार आला. थंडगार लादीवर बसलो, मग आडवा झालो. वॉचमनने पाहिलं, पाणी दिलं. किती वेळ पडलो होतो ते त्याला माहीत नव्हतं, मला नव्हतं, आणि तिसरं माणूस विचारायला नव्हतं. मला एवढंच सारखं वाटत राहिलं की पेपर आणायला दहा मिनिटं उशीर केला असता तर हे घरात झालं असतं. अकराव्या मजल्यावर, बंद दाराआड. मग माझं सदर आलं नाही म्हणून संपादकाने फोन केला असता. म्हणजे थेट पुढच्या गुरुवारी.

डॉक्टर फार रागावले. "साखरेच्या गोळ्या घेता आणि मनाने कीटो? तुमच्या दोनातली एक गोळी कीटोबरोबर चालतच नाही. साखर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, दवाखान्यात भरती व्हावं लागतं. दुसरीने साखर खाली जाईल. करायचंच असेल तर आधी गोळ्या मी बदलणार, तोवर एक घाससुद्धा इकडचा तिकडे नाही. आणि आधी डाएटिशियनला भेटा. तुम्हाला ते जमणारं आहे का, ते ती बघेल."

ही डाएटिशियन म्हणजे माझ्या निम्म्या वयाची मुलगी. मला काका म्हणते. सर म्हणाली असती तर मी कदाचित खरं बोललो असतो. तिने एक छापील कागद दिला: सात दिवस भरायचा. काय खाल्लं, किती वाजता, किती, आणि शेवटचा रकाना, कोणासोबत.

"हे कोणासोबत कशाला?" मी विचारलं.

"काका, एकटं जेवणारं माणूस वेगळं जेवतं. कधी फार, कधी काहीच नाही. मला ते कळायला हवं ना."

"आणि कोणासोबत जेवणारं?"

"ते निदान ताटात वाढून घेतं."

सोमवारी मी प्रामाणिकपणे लिहिलं. नाश्ता, एकटा. दुपार, एकटा. रात्र, एकटा. मंगळवारी तेच. आई, तू मला आयुष्यभर बडबड्या म्हणालीस, पण मी शब्द जपून वापरणारा माणूस आहे. एकच शब्द एकवीस वेळा लिहायचा म्हणजे कोणत्याही संपादकाने पान परत पाठवलं असतं. बुधवारी दुपारी मी बांगड्याचं तिखलं केलं, तुझ्या पद्धतीचं, त्रिफळं घालून, आणि भात. भात डॉक्टरच्या हुकमानेच परत आला होता. वास सगळ्या घरात पसरला. त्या वेळी पेन हातात होतं. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, "आई."

मग रविवारपर्यंत लिहीतच गेलो. लेखक खोटं बोलायला लागला की तपशील आपोआप येतात. शुक्रवारच्या रात्रीपुढे मी कंसात लिहिलं, "ती नंतर जेवली." ते लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

कारण ते खोटं नव्हतं. तू नेहमी नंतरच जेवायचीस. आम्ही चौघं भावंडं भिंतीला पाठ लावून ओळीने बसायचो, बाबा दाराशी, आणि तू मध्ये उकिडवी, पळी हातात. मी उठून हात धुवून अभ्यासाला बसायचो तेव्हा मागून पातेलं खरवडल्याचा आवाज यायचा. तळाला धरलेली ती करपट खरवड, त्यावर उरलेली आमटी, ताट नाही, पातेल्यातच. तीस वर्षं तो आवाज ऐकला आणि मला वाटायचं तो भांडी घासायचा आवाज आहे.

एकदा शाळेच्या कागदावर सही हवी होती म्हणून मी तू स्वयंपाकाला होतीस त्या कॅन्टीनला आलो होतो. कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता, दुपारची पाळी जेवून उठली होती, लांब लांब बाकं रिकामी. तू सगळ्यांत मागे, मोठ्या डेग्यांच्या आड, झाकणात भात घेऊन उभ्याने जेवत होतीस. नुसता भात आणि वरचा रस्सा. मी म्हटलं, "मासे संपले?" तू म्हणालीस, "माशे पोरांक. ह्या रवला ता फुकट कित्याक घालवूक?" दोनशे माणसांचं उरलेलं तू फुकट जाऊ दिलं नाहीस, आणि घरचं उरलेलंही. मग तू जाड झालीस. मला त्यात कार्यकारणभाव दिसला नाही. मला विनोद दिसला.

चोवीस वर्षांचा होतो. माझा पहिला लेख दिवाळी अंकात आला, आणि तो तुझ्या जाडीवर होता. त्यात मी लिहिलं होतं की आमची आई चारचौघांत पाखराएवढं खाते आणि स्वयंपाकघरात चोरून सगळं संपवते. लोक फार हसले. बाबाही हसले. तू चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत सगळा वाचलास. अंक मिटलास, पुसलास, मला परत दिलास.

"जाडी म्हटलंस, ता खरा," तू म्हणालीस. "चोरून खातंय म्हटलंस, ता खोटा. तुमी सगळे उठल्यार खातंय. कोण बघूक येत नाय, तेका चोरून म्हणतत काय रे?"

त्यानंतर मी शेकडो माणसांवर लिहिलं, तुझ्यावर ओळ लिहिली नाही. लोकांना वाटतं मी आईचा मान राखतो.

असो. तर तो कागद घेऊन मी परत डाएटिशियनकडे गेलो. कंसातली ओळ तिने मोठ्याने वाचली. "ती नंतर जेवली! बघा ना, आमच्याकडे आजीचं अजून हेच." आणि ती एकदम खूश झाली. म्हणाली, "काका, खरं सांगू? तुमच्या गोळ्या, तुमची चक्कर बघून मी कीटोला नाहीच म्हणणार होते. डॉक्टर गोळ्या बदलतील, तपासण्या होतील, ते सगळं ठीक. पण पहिले काही आठवडे कोणीतरी लक्ष ठेवणारं हवं. उलट्या झाल्या, दम लागला, माणूस गळून गेलं तर लगेच न्यायला हवं. एकट्या राहणाऱ्या पेशंटला मी हे देत नाही. पण तुमच्याकडे आई आहेत."

"हो," मी म्हटलं.

"वय किती त्यांचं?"

"सत्तर." तू गेलीस तेव्हाचं. पुढचं मला मोजता आलं नाही.

"फोन वगैरे करतात ना?"

"हल्ली नाही करत."

"शिकवू आपण. शनिवारी घेऊन या, काय काय बघायचं ते मी त्यांना समजावते. वाढणाऱ्याला समजावलं नाही ना, की कुठलंच डाएट टिकत नाही."

आता माझ्यापुढे हे असं आहे. तू आहेस म्हटलं तर मला कीटो मिळतं, आणि मी पुन्हा कधीतरी लादीवर आडवा होतो, या वेळी दाराच्या आत. तू नाहीस म्हटलं तर ते तोंडाने म्हणावं लागतं. अकरा वर्षांत ते मी कागदावर बऱ्याचदा लिहिलं, दाखल्यांवर, बँकेच्या फॉर्मवर. तोंडाने एखाद्या परक्या मुलीला, तिच्या डोळ्यांत बघत, कधी सांगितलं नाही. लोकांना आपसूकच माहीत होतं.

आणि कीटो मला का हवंय, तेही लिहून टाकतो, इथे कोणी छापणार नाही. वजन हे कारण आहेच. पण त्या तीन दिवसांत मला दोन घरांतून जेवायला बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा मी रुबाबात म्हटलं, "माझं कीटो चालू आहे." किती सन्मानाचं वाटलं! एरवी मी नुसताच जात नाही. लोकांच्या घरात, लोकांच्या पोराबाळांत बसून जेवलं की परत येऊन दार उघडायला जड जातं. एकटं जेवायला असं डॉक्टरी नाव मिळालं तर कोणाला नको? पण त्याने वजन किती दिवस उतरेल? मी भातावर वाढलेला माणूस आहे. महिनाभर दम धरीन, आणि मग एके दिवशी कुकरभर खाईन, ओट्याशी उभा राहून.

इथवर गुरुवारी लिहिलं होतं. आज शनिवार, दुपारचे दोन वाजलेत.

मी गेलो. रिक्षात बाजूची जागा रिकामी होती तर रिक्षावाला म्हणाला, "पिशवी ठेवा ना तिथे." ठेवली नाही. डाएटिशियनने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मीही पाहिलं. काय करणार!

बसायच्या आधी म्हटलं, "कीटो नको."

"अहो, का? एवढी तयारी केली मी."

"मला शोभणारं नाही ते. भात पूर्ण सुटायचा नाही माझा. आणि पुन्हा चक्कर नको."

ती हसली. "काका, बरं झालं तुम्हीच म्हणालात. मला पण धाकधूक होती." मग तिने सरळ साधं सांगितलं. आधी भाजी, मग मासा, शेवटी भात, आणि तो अर्धी वाटी. गोड बंद. जेवल्यावर वीस मिनिटं चालायचं. गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच. वजन हळू उतरेल. मी म्हटलं, उतरू दे हळू, मला कुठे जायचंय!

"पण आईंना भेटायचंच आहे मला," ती म्हणाली. "अर्धी वाटी म्हणजे अर्धीच, हे त्यांना सांगायला हवं. आया ऐकत नाहीत ना. आज का नाही आल्या?"

तेव्हा सांगता आलं असतं. कीटो नाही म्हणजे धोका नाही, तिचं काही अडत नव्हतं, माझंही. पंखा फिरत होता, बाहेर कोणी पेशंट नव्हतं, तिला वेळ होता. अशी सोय पुन्हा मिळायची नाही.

"ती गावी गेलीय," मी म्हटलं.

"अरे! कधी येतील?"

"गणपती करून येईल."

तिने ते लिहून घेतलं, आई. मी लिहू दिलं.