पाडव्यापर्यंत वायरिंग

शनि. ६ सप्टें., कालगुर्ली
बायकोला, वैदेहीला, एअरपोर्टवर सोडून आलो. पर्थच्या हॉस्पिटलात सोमवारपासून तिची नवी नोकरी. ठरलंय असं: मी गाडीचं वायरिंग उरकायचं, रेगो, म्हणजे रस्त्यावर चालवायची नोंदणी, करून घ्यायची, खाणीतल्या इलेक्ट्रिशियनच्या नोकरीचा राजीनामा द्यायचा आणि दिवाळीच्या पाडव्याला त्याच गाडीतून कायमचं पर्थला जायचं. हो म्हणालोय.

संध्याकाळी डॅशबोर्ड उघडला. सत्तरच्या दशकातली व्ही-एट, इंजिन अजून ठणठणीत आणि आत नुसता उकिरडा. आधीच्या मालकाने हेडलाइटला स्पीकरची वायर जोडलीय, वर चिकटपट्टी. धन्य तो माणूस.

रवि. १४ सप्टें.
जुनं सगळं उपटून काढलं. रस्त्यासाठी वायपर, हॉर्न, दिवे हवेत. ट्रॅकवर पळवायची तर बाहेरून हाताला येईल असा किल स्विच हवा, एकदा फिरवला की सगळं ठप्प. दोन्ही एकाच गाडीत कोंबायचं. वै. म्हणायची, एक काहीतरी ठरव. ती प्रत्येक बाबतीत हेच म्हणते.

शनि. २७ सप्टें.
नव्या वायरी टाकल्या. वायपर चालू केले की हॉर्न वाजतो. अर्धा दिवस शोधलं. अर्थिंगच्या बोल्टखाली रंग राहिलाय, मीच मारलेला; म्हणून करंट हॉर्नमधून वाट काढतो. शेजारचा डॅझ कुंपणावरून म्हणाला, "नेबर्स विल लव्ह यू, मेट." शेजारी आहे कोण, तोच.

गुरु. २ ऑक्टो., दसरा
कामावरून लवकर सुटलो. गाडीला हळदकुंकू वाहिलं. झेंडू इथे कुठला, कुंपणावरची पिवळी फुलं तोडली. वै. व्हिडिओवर होती.
"बंद गाडीची पूजा करतोयस?"
"चालू होईल."
"आणि राजीनामा?"
"उद्या देतो."

रवि. ५ ऑक्टो.
दिला नाही. इथे मला विचारल्याशिवाय कोणी मोठा स्विच टाकत नाही. पर्थला पुन्हा सीव्ही, पुन्हा अर्ध्या वयाच्या पोरांसमोर इंटरव्ह्यू. पुणं सोडून आलो तेव्हा एकदा शून्यातून सुरुवात केली, तेव्हा अंगात रग होती. आता भीती वाटते. वै.ला हे सांगत नाही. तिला वायरिंगचं सांगतो.

शनि. ११ ऑक्टो.
इंजिन सुरू झालं! डॅझला बोलावलं. कार-क्लब ट्रॅकवर गाड्या पळवतो त्या दिवशी त्या तोच तपासतो. त्याने किल स्विच फिरवला. इंजिन चालूच. पुन्हा फिरवला. चालूच.

बॅटरीचं कनेक्शन तुटलं, पण ऑल्टरनेटर स्वतः वीज करतोय आणि इंजिनाला पुरवतोय. खाणीत नव्या लोकांना मी घसा कोरडा करून सांगतो, एका बाजूने तोडलंत तरी दुसऱ्या बाजूने येतंय का बघा. आणि स्वतः तपासताना इंजिन बंद ठेवलं होतं. डॅझ शांतपणे म्हणाला, "अँड दे पे यू फॉर धिस?" तो गेल्यावर पाना फेकला. शेडच्या पत्र्याला पोचा आला.

वै.ला फोन केला. "म्हणजे पाडवा हुकणार," ती म्हणाली. वाईट वाटायला हवं होतं. उलट जरा बरं वाटलं. याची लाज वाटते.

रवि. १९ ऑक्टो.
नवा स्विच बसवला, इग्निशनही त्याच फटक्यात तोडणारा. इंजिन चालू ठेवून फिरवला. गप्प. चार-पाच वेळा करून पाहिलं. दर वेळी गप्प. डॅझने अंगठा वर केला. मला मात्र काही सुचेना, उगाच गॅरेज झाडत बसलो.

मंगळ. २१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
काल रेगोची तपासणी पहिल्या फेरीत पास. मला वाटलं होतं काहीतरी काढतील. गाडी ड्राइव्हवेत, टाकी फुल. सगळे दिवे लागतात. राजीनामा लिहिलेला आहे, पाठवलेला नाही.

संध्याकाळी वै.चा फोन. औक्षणाचं ताट काढून ठेवलंय. करंज्या विकतच्या आणल्या म्हणून ओशाळली होती. मग म्हणाली, "झालं ना रे सगळं? उद्या सकाळी निघतोयस ना?"

म्हटलं, "डावा इंडिकेटर मधेच बंद पडतोय."

 ती म्हणाली, "रस्ता सरळच आहे. वळायचंच झालं तर हात दाखव." आणि फोन ठेवला.

बाहेर गेलो. डावा इंडिकेटर लावला. छान लागतो. लुकलुकत होता, मी बघत उभा राहिलो.