नातीची खुर्ची आणि मागच्या सीटचा पट्टा

तीर्थरूप भागीरथीआक्कास,

धाकट्या सुकदेवचा भेस्तानहून साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून कागदावरच). तुझे गुडघे काय म्हणतात? तेल लावतेस की नुसती बाटली जपून ठेवतेस?

कंबर धरण्याचं कारण तुझी भाची अर्चना. आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन ती आठवड्यापूर्वी माहेरी आली, आणि सोबत एवढं मोठं खोकं. त्यात गाडीतली लहान मुलांची खुर्ची. बमरोलीच्या डॉक्टरकडे लस द्यायची होती. अर्चना म्हणाली, "बाबा, ही खुर्ची नीट बसल्याशिवाय पोर गाडीत बसणार नाही." मी पस्तीस वर्षं कापडाचे लूम दुरुस्त केलेला माणूस. म्हटलं, पाच मिनिटांचं काम.

आक्का, दोन तास लागले! आधी मी खुर्ची पुढच्या सीटवर ठेवली, तर अर्चना ओरडली, तिथे एअरबॅग असते. मागे ठेवली, तर म्हणे उलटी ठेवा, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे पाहिजे. (पोरीने मग बघायचं काय?) गाडीच्या सीटचा पट्टा खुर्चीच्या निळ्या खुणांमधून ओवायचा असतो. तो ओढावा तर मधेच अडकायचा, सोडावा तर सुर्रकन आत. एकदा खटका लागला म्हणून मी खूश झालो, तर तो शेजारच्या सीटचा निघाला. अर्चना दर वेळी खुर्ची धरून हलवायची आणि म्हणायची, "एका इंचाहून जास्त हलते, परत." शेवटी तुझी भावजय सरला वैतागून पुढे आली, खुर्चीत गुडघा रोवून सगळा भार टाकला, आणि मी पट्टा खेचला. तेव्हा कुठे ती मुकाट बसली. (खुर्ची. सरला नाही.)

सरलाचं आपलं चालूच, "पोरले असं बांधीसन लई जातस का कोनी? मनी मांडी काय मोडनी का?" पोरीला मांडीवर घेऊ दिलं नाही म्हणून रुसून ती खुर्चीशेजारी बसली. स्वतः पट्टा लावला नाही, सांगितलं तरी.

पांडेसऱ्याजवळ पुढच्या टेम्पोतून साड्यांची भलीमोठी गठडी रस्त्यात पडली. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. खुर्ची जागची हलली नाही. पोर झोपेतून जागी झाली आणि जांभई दिली. सरला मात्र पुढच्या सीटवर आदळली, दोन्ही हात पसरून, बोटं उघडी. फार लागलं नाही, मनगट मुरगळलं. पण त्या उघड्या हातांकडे आम्ही तिघंही बघत राहिलो. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा सरलाने गुपचूप पट्टा ओढून खटका लावला. आता गल्लीभर सगळ्यांना पट्टे कसे लावायचे ते तीच शिकवते, जशी काही अक्कल तिचीच!

लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
सुकदेव

ता. क. रविवारी आम्ही अमळनेरला येतो, तुला घेऊन देवीला जायचं आहे. पोरीला मांडीवर घेऊन बसेन, असं तू अर्चनाला सांगितलंस. ते जमणार नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून एवढं लिहिलं.

ता. ता. क. रागावून येणं रद्द करू नकोस. खिडकीची जागा तुला ठेवली आहे. सरलाला अजून सांगितलेलं नाही, ते तूच सांग.