वाडीच्या टोकाची खोली

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, दमयंती दिनानाथ चुरी, वय वर्षे चौसष्ट, पूर्वी राहणार सालवड, बोईसर, हल्ली राहणार चिंचणी, तालुका डहाणू, जिल्हा ठाणे. माझे डोके ठिकाणावर आहे. मृत्युपत्रात हे सगळेच लिहितात, पण मला ते जरा ठासून लिहावे लागते. सालवडचा नळ-पंख्याचा ब्लॉक सोडून मी वाडीत एकटी राहायला आले, तेव्हापासून ते ठिकाणावर नाही अशी बोलवा आहे. म्हणून पालघरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझा रक्तदाब पाहून ते म्हणाले, "आजी, माझ्यापेक्षा बरा आहे." आजी म्हटलेले मला आवडले नाही, पण दाखला घेतला.

हा कागद करण्याची कारणे दोन. माझी सून सुलोचना, जिला आम्ही सुलू म्हणतो, हिला माझ्या मागे कोणी बोल लावू नये. आणि ज्या खोलीत बसून मी हे लिहिते आहे, ती खोली योग्य माणसाच्या हाती जावी.

१. सालवडचा ब्लॉक माझे यजमान कै. दिनानाथ यांनी कारखान्यातल्या नोकरीच्या जोरावर घेतला आणि माझ्या नावे केला. तो माझा एकुलता मुलगा हरेश्वर याला द्यावा, आतले कपाट, पलंग आणि टीव्ही यांच्यासकट. पहाटे खिडकीतून कारखान्यांचा जो वास येतो तोही सगळा त्याचाच. बँकेत जे काही आहे त्यातून माझे दिवसकार्य थोडक्यात उरकावे आणि उरेल ते त्यानेच ठेवावे. मुलगा चांगला आहे. त्याने मला कधी उपाशी ठेवले नाही की उलटून बोलला नाही.

२. चिंचणीची वाडी. सासऱ्यांच्या पश्चात वाटण्या झाल्या, तेव्हा थोरले दीर पुंडलिकभावजी यांनी गोड्या विहिरीकडची बाजू घेतली आणि खाडीकडचे टोक आम्हाला दिले, जे यजमानांनी पुढे माझ्या नावे केले. त्या टोकाला ही कौलारू खोली. पूर्वी आमच्याकडे पानवेली होत्या. अडचणीतल्या बाईची सावली पडली तर पानवेल जळते असा समज, म्हणून घरातल्या बायकांना महिन्याचे चार दिवस बसायला वेलींपासून जितकी लांब बांधता येईल तितकी लांब ही खोली बांधलेली. वाटणीत ही विटाळाची खोली कोणालाच नको होती. भावजींनी बांध असा काही वळवला की ती बरोबर आमच्या पदरात पडली. तेव्हा मी यजमानांशी यावरून कडाकडा भांडले होते. आता रोज सकाळी दार उघडताना भावजींचे मनातल्या मनात आभार मानते.

त्या प्रथेचे मी गोडवे गात नाही. ताट लांबून सरकवायचे, पाणी वरून ओतायचे, हा अपमानच होता. सालवडला बिऱ्हाड केले आणि ते सगळे सुटले, बरे झाले. पण खरे ते लिहिते. नवी सून म्हणून आले तेव्हा त्या चार दिवसांतच मला कोणी हाक मारत नसे. चटईवर पडून मी झावळ्यांची सळसळ ऐकत असे आणि माझी मी असे. सालवडला दोन खोल्यांत हाकाच हाका. शिफ्टचे डबे, पाहुणेरावळे, शेजारणींची भिशी. यजमान गेले तेव्हा तर आईला एकटे वाटू नये म्हणून सगळ्यांनी मला घेरूनच टाकले. मी डोळे मिटले की कोणीतरी माझ्यासाठी टीव्ही लावी. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटे. डॉक्टर झोपेच्या गोळ्या देत होते. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता मला उमगले की मला गोळी नको, मला बाजूला बसायचे आहे. पिशवीत स्टोव्ह घातला, चटई गुंडाळली आणि चिंचणीची एस. टी. धरली.

माझी पाळी जाऊन तेव्हा कितीतरी वर्षे लोटली होती. म्हणजे या खेपेला मला कोणी बसवले नव्हते, मी आपल्या मर्जीने बसले होते. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर चालून आले, भात आणि सोड्याचे कालवण केले, आणि दारात बसून जेवताना मला इतके मोकळे वाटले की घास तोंडात असतानाच रडू आले. चार दिवसांनी घरी गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. चाराचे दहा झाले, दहाचा महिना झाला आणि शेवटी रेशनकार्डावरचा पत्ताच बदलून घेतला. गोळ्या कधी बंद झाल्या ते आठवत नाही.

३. माझी पितळी कळशी जमना तांडेल हिला द्यावी. जमना दारावर मासळी घेऊन येते. पहिल्याच खेपेला टोपली खाली ठेवून तिने विचारले होते, "का गो वयनी, सुनेनं काडलं ना तुला? मला सांग, मी नाय कोनाला बोलनार."

"कोणी काढलं नाही गं. मला एकटं राहावंसं वाटलं."

"एकटं? एकटं कोन रातं आपल्या मनानं? बरं, नको सांगू. मोटी गुनाची सासू हायस तू. सुनेचं झाकून घेतेस."

दिवेलागणीपर्यंत सुलूने सासूला घराबाहेर काढल्याची बातमी चिंचणीभर झाली आणि दुसऱ्या दिवशी बोईसरला पोचली. मी जितके नाही म्हणावे तितके लोक माझ्या सोशिकपणाची वाखाणणी करीत. तरीही कळशी जमनालाच, कारण रोज सकाळी कुंपणापाशी थांबून "हायस ना गो वयनी?" असे ओरडणारी तीच आहे. मी "हाय" म्हटले की ती पुढे जाते. सोबत म्हणून मला तेवढी पुरते.

४. अंगणातली लाकडी खुर्ची पुंडलिकभावजींना. हरेश्वर त्यांना मध्यस्थ म्हणून घेऊन आला होता. विटाळाच्या खोलीचा उंबरा ते आजही ओलांडत नाहीत, त्यामुळे भर उन्हात बाहेर उभे राहून त्यांनी मला घराण्याच्या अब्रूबद्दल सांगितले. हरेश्वर म्हणाला, "आई, लोक मला काय काय विचारतात ठाऊक आहे? तुला आम्ही काय कमी केलं?"

मी म्हटले, "कमी काहीच नाही रे बाबा. जास्तच झालं होतं."

त्याला ते समजले नाही आणि मलाही अधिक नीट सांगता आले नाही. भावजी मात्र घामाने निथळून लवकर निघाले. पुन्हा मध्यस्थीला आले तर त्यांनी खुर्चीत बसून बोलावे.

५. आता मुख्य. खाडीकडची वाडी, चिकू-नारळाच्या झाडांसह, ही खोली, चिकू उतरवायची बेडणी, कोयता आणि माझी चटई हे सर्व मी माझी सून सुलोचना हरेश्वर चुरी हिला, तिच्या एकटीच्या नावे देते. हरेश्वरचा यात हक्क नाही.

याचे कारण असे. पालघरला नात्यातले लग्न होते. हळद लावायला सुलूने हात पुढे केला, तेव्हा एका बाईने सर्वांदेखत सांगितले की सासूला रस्त्यावर काढणारीचा हात नको. सुलू तिथून तडक माझ्याकडे आली. मला वाटले, आता भांडेल, आणि भांडली असती तर तिचे चुकले नसते. पण ती एवढेच म्हणाली, "आई, थोडा वेळ बसू?" मागच्या बाजूला नारळाच्या बुंध्याला टेकून ती ऊन कलेपर्यंत बसली. मी चहा ठेवून आत आले, काही विचारले नाही. निघताना म्हणाली, "इथं कोणी हाक मारत नाही, नाही का?"

त्यानंतर ती येत राहिली. घरी सांगते, आईंना बघायला जाते. इथे येते आणि मला बघत नाही, मी तिला बघत नाही. दोघी दोन टोकांना बसतो. असे सुख मला माझ्या रक्ताच्या माणसांतही मिळाले नव्हते. गेल्या महिन्यात मी तापाने अंथरूण धरले तेव्हा मनात आले, मी गेले की तिचे निमित्तही जाईल. सासूच नाही तर वाडीत कशाला, असे लोक म्हणणार, भावजी गिऱ्हाईक आणणार आणि हरेश्वर भिडेपोटी सही करणार. ती भीती आज या कागदाने फिटली. मला हलके वाटते आहे.

अट एकच. सुलू इथे येईल तेव्हा घरातला स्वयंपाक हरेश्वरने करावा आणि ती परतल्यावर "काय झालं?" असे विचारू नये. काहीही झालेले नसेल.

हे सर्व मी काल सुलूला वाचून दाखवले. ती खाली बघत म्हणाली, "आई, पण मला किती दिवस राहू देतील?"

मी म्हटले, "कोण राहू देतील? अगं, मालकीण तू."

हे माझ्या हाताने लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यापुढे बदलायचा विचार नाही.

(सही) दमयंती दिनानाथ चुरी

साक्षीदार:
१. (सही) मंजुळा आत्माराम सावे, निवृत्त शिक्षिका, चिंचणी
२. (सही) नामदेव रामा राऊत, बागायतदार, चिंचणी

ठिकाण: चिंचणी, खाडीकडची वाडी
दिनांक: २१ नोव्हेंबर १९९४